ब्रिटनीच्या फ्लॉवरच्या शेतात आणि द्यू बारी सूपच्या पातेल्यापाशी

फ्रान्सचा फ्लॉवर बघायचा तर वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताचं उत्तर टोक गाठायला हवं. पॅरिसहून रेल्वेने मोर्लेला उतरले आणि पुढे बसने रोस्कॉफ बंदराकडे निघाले. भर हिवाळा, तरी सँ-पॉल-द-लेऑं जवळ आलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं लागली. समुद्रामुळे इथली थंडी सौम्य असते. त्यामुळे बाकीचा फ्रान्स गारठलेला असताना इथे फ्लॉवरची काढणी चालू असते. गावातल्या क्रायस्कर चॅपेलचा ७८ मीटर उंच मनोरा या शेतांमधून लांबूनही दिसत राहतो.

एका बांधावर थांबून मी काढणी पाहिली. शेतातल्या बायका वाकून पानं जरा बाजूला करत, गड्डा दाबून बघत आणि सुरीच्या एका घावात देठ तोडत. मग वरची पानं गड्ड्याच्या कडेशी छाटायची, म्हणजे भोवती हिरवी झालर उरते. पानं मिटलेली असली की ऊन लागत नाही आणि गड्डा पिवळा पडत नाही. हा पांढरेपणाच पुढे सूपमध्ये उतरतो.

इथल्या शेतकऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. माल इंग्लंडला धाडायला सोय नव्हती, तर त्यांनी शेतकरी नेते आलेक्सी गुर्व्हेनेक यांच्या पुढाकाराने स्वतःची जहाज कंपनीच काढली. रोस्कॉफ-प्लिमथ वाहतूक जानेवारी १९७३ मध्ये सुरू झाली. तीच आजची ब्रिटनी फेरीज.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी सूप केलं, क्रेम द्यू बारी. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यू बारी हिचं नाव त्याला मिळालंय. तिला १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं, पण फ्रेंच स्वयंपाकात 'द्यू बारी' म्हटलं की आजही फ्लॉवरच समजायचा.

बाईंनी लीकचा, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या जाड पातीच्या भाजीचा, फक्त पांढरा भाग बारीक चिरून बटरमध्ये मंद आचेवर परतला, रंग अजिबात येऊ न देता. त्यावर मैदा भुरभुरवून हलवला, कोंबडीचं स्टॉक थोडं थोडं ओतलं आणि फ्लॉवरचे तुरे टाकले. मऊ होताच गॅस बंद. फ्लॉवर जास्त शिजला की गंधकासारखा वास सुटतो आणि मग कितीही क्रीम घाला, तो जात नाही. सगळं वाटून गाळून घेतलं, क्रीम घालून नुसतं गरम केलं, उकळू दिलं नाही. मिरपूड पांढरी, कारण काळीचे ठिपके दिसतात. वर वेगळे उकडलेले इवलेसे तुरे आणि चर्व्हिल या कोथिंबिरीसारख्या नाजूक पाल्याची पानं.

पहिल्या घोटाला फ्लॉवरचा गोडवा आला, क्रीम त्याच्या मागून. पॅरिसच्या हॉटेलांत मी हेच सूप प्यायले होते, पण तिथे क्रीमच पुढे पुढे करायचं. माझ्या मते क्रीम वाटीभर नको, दोन-तीन चमचेच पुरे. गड्डा ताजा असेल तर तेवढ्यावरच भागतं. तिकडे जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि बाजारात आधी गड्ड्याची पानं बघून घ्या. ती कडक, कुरकुरीत असायला हवीत.