साटेमिनचं गोल गावठाण

हांबुर्गहून गाडीनं निघालं की दोनेक तासांत रस्ते अरुंद होत जातात आणि पाट्यांवरची नावं बदलायला लागतात. डोल्गो, क्लेनो, ग्युस्ट्रित्स, साटेमिन. पहिल्या दोन नावांत शेवटचा 'व' (w) लिहायचा पण उच्चारायचा नाही. जर्मन कानालाही ही नावं परकी वाटतात, कारण ती मुळात जर्मन नाहीतच. आमच्या शाळेच्या सुट्टीत चार दिवस आम्ही याच भागात, ल्युखो या छोट्या शहराजवळच्या साटेमिन गावात राहिलो. परत आल्यापासून डोक्यात तेच गाव आहे, म्हणून आज लिहायला बसले.

या प्रदेशाला वेंडलांड म्हणतात. वेंड म्हणजे स्लाव्ह लोकांना, पोलिश-रशियनच्या कुळातली भाषा बोलणाऱ्यांना, जर्मनांनी दिलेलं नाव. लोअर सॅक्सनी राज्याच्या पूर्व टोकाचा हा कोपरा. पश्चिमेला द्रावेन नावाची टेकाडं आहेत, हिमयुगातल्या बर्फानं वाळू आणि गोटे आणून टाकले त्यांची. पूर्वेला येत्सेल नदीचा सखल, ओलसर पट्टा. ही नदी पुढे हित्साकर गावापाशी एल्बे नदीला मिळते. जुनी गावं वसली ती कोरडी जमीन आणि ओल यांच्या सांध्यावर. एका अंगाला राय हे धान्य पिकवायची कोरडी जमीन, दुसऱ्या अंगाला गुरांचं गवत. आपल्याकडे गावाची पांढरी आणि काळी म्हणतात ना, पांढरी कुठे बसवायची हे ज्यांनी ठरवलं त्यांना मातीची किती जाण होती, ते इथे चालताना पायाला कळतं.

आणि गावाचा आकार! मधोमध मोकळं अंगण, त्याच्याभोवती घरं, सगळ्यांची तोंडं आत. आत यायला मुळात एकच वाट; वेस म्हणा हवं तर. प्रत्येक घराची जागा पुढे निमुळती आणि मागे रुंद, उलगडलेल्या हातपंख्याच्या पात्यासारखी. मागे परसबाग, ओकची झाडं, मग कुरण. या गावांना जर्मनमध्ये रुंडलिंग म्हणतात. संरक्षणासाठी असा गोल केला असावा असं पूर्वी मानत. आता बहुतेक अभ्यासक म्हणतात की 12 व्या शतकात जर्मन सरदारांच्या अमलाखाली स्लाव्ह शेतकऱ्यांना इथे आखणी करून वसवलं. साटेमिनचं देऊळ, म्हणजे चर्च, गोलाच्या बाहेर आहे, शेतातल्या दगडधोंड्यांचं बांधलेलं. गाव आधीचं, चर्च नंतरचं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटली. आमच्या गावात देऊळ सोडून गावाची कल्पनाच करता येत नाही.

घरं पाहून तर मी थबकलेच. एवढी मोठी लाकडी घरं, काळ्या तुळया आणि मधे विटा, आणि पुढच्या भिंतीत बैलगाडी सहज आत जाईल एवढा दरवाजा. एकाच छपराखाली माणसं, गुरं आणि धान्य. दारातून आत गेलं की मधे मळणीची लांब जागा, दोन्ही बाजूंना गोठा, टोकाला चूल आणि राहायच्या खोल्या. जुन्या घरांना धुराडं नव्हतंच. धूर वर तुळयांमधून फिरायचा, तिथे टांगलेलं मांस धुरावायचा आणि छपरातून बाहेर पडायचा. शेजारच्या ल्युबेल्न गावात अशा घरांचं संग्रहालय आहे. तिथल्या एका घरात शिरल्याबरोबर भिंतींना मुरलेल्या धुराचा वास आला आणि मला एकदम आजोळचं स्वयंपाकघर आठवलं.

साटेमिनमध्ये मात्र बहुतेक घरं एकाच वयाची. 1850 साली गावाला मोठी आग लागली आणि गाव जळून गेलं. लोकांनी ते पुन्हा उभं केलं, पण नव्या सरळ रस्त्यावर नाही. जुन्याच गोलात, आधीपेक्षा मोठी घरं बांधून. दारावरच्या आडव्या तुळईवर, आपली गणेशपट्टी असते तिथे, नवराबायकोची नावं, बांधणाऱ्या सुताराचं नाव, साल आणि देवाची प्रार्थना कोरलेली. मी बोट धरून एकेक अक्षर लावत होते. नवऱ्याच्या शेजारी बायकोचंही नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट. हे पाहून फार बरं वाटलं.

एवढा पैसा आला कुठून? अळशीच्या धाग्यातून. 18 व्या आणि 19 व्या शतकात इथे घरोघरी लिनन विणलं जायचं. मग कारखान्यातलं सुती कापड आलं आणि हा धंदा बसला. नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनं टिकलं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली तेव्हा हा जिल्हा तीन बाजूंनी पूर्व जर्मनीनं वेढला गेला. कारखाने आले नाहीत, रहदारी आली नाही. 1977 मध्ये जवळच्या गोर्लेबेनला अणुकचऱ्याचं कोठार करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा हेच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उठले. 1979 मध्ये ते ट्रॅक्टरसह हानोव्हरपर्यंत गेले. 2020 मध्ये गोर्लेबेनचं नाव कोठाराच्या संभाव्य जागांच्या यादीतून वगळलं गेलं. गोठ्यांच्या भिंतींवर लाकडी पिवळी फुली अजून दिसते, ती त्या लढ्याची खूण.

पण मी अडकले ती एका माणसापाशी. साटेमिनपासून जवळच झ्युटेन नावाचं गाव आहे. तिथे 1677 ते 1740 या काळात योहान पारुम शुल्त्से नावाचा शेतकरी होऊन गेला. शुल्त्से म्हणजे गावचा मुखिया, आपला पाटील. पदाचं आडनाव झालं तेही पाटलासारखंच. हा शेती करायचा, गुत्ता चालवायचा आणि वहीत गावच्या नोंदी लिहायचा. त्याच्या लहानपणी म्हातारी माणसं वेंडिश, म्हणजे पोलाबियन बोलायची. पुढच्या पिढीला तिची लाज वाटू लागली. 1725 च्या सुमारास त्यानं वहीत शब्द उतरवून ठेवले आणि लिहिलं: मी 47 वर्षांचा आहे. मी आणि गावातली आणखी तीन माणसं गेलो की कुत्र्याला वेंडिशमध्ये काय म्हणतात ते कुणालाच धड ठाऊक राहणार नाही.

वुस्ट्रोचा धर्मगुरू क्रिस्टियान हेनिग यानंही याच काळात क्लेनोच्या एका शेतकऱ्याला विचारून विचारून शब्दकोश केला. गुरुवारला हे लोक पेरूनचा वार म्हणत, पेरून हा त्यांचा जुना मेघगर्जनेचा देव. 1756 मध्ये डोल्गोत 88 वर्षांची एक म्हातारी वारली. ही भाषा बोलणारी शेवटची म्हणून तिची नोंद आहे.

मी हे रात्री वाचत होते. माझी सहा वर्षांची मुलगी दिवसभर घरमालकीणबाईंच्या कुत्र्यामागे धावत होती आणि मला ओरडून सांगत होती, "आई, हुंड बघ!" दिवसभर मला त्यात काही वाटलं नव्हतं. रात्री मात्र झोप लागेना.

सकाळी चहा घेऊन अंगणात आले. गोल रिकामा होता, दवानं दगड ओले. मुलगी पायऱ्यांवर बसली होती आणि कुत्रा पार पलीकडच्या दारात. तिनं हात पुढे केला आणि गेल्या उन्हाळ्यात आजीकडे ऐकलेलं म्हणाली, "यू यू यू." कुत्र्यानं कान टवकारले आणि तो गोल ओलांडून तिच्याकडे आला.