चुकीच्या चौकटीतलं शून्य

2 एप्रिल 2024, मंगळवार. न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत मी पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोब, बघते. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधला एक मुलगा तणतणत आला आणि रिटर्नचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर आपटला. 2023 च्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, टॅक्सपोटी आणखी 3,229 डॉलर भरायचे होते, तेही 15 एप्रिलच्या आत. "तुम्ही लोकांनी माझा टॅक्स नीट कापलाच नाही!"

असं कुणी म्हटलं की आधी माझ्याच पोटात गोळा येतो. त्याच्या सव्वीसच्या सव्वीस पे-स्लिपा उघडून बघितल्या. पगार 52,000, कापलेला टॅक्स 4,358. आकडा बरोबर होता. मग फाइलमधून त्याचा डब्ल्यू-4 काढला, पगारातून टॅक्स किती कापायचा हे ठरवणारा फॉर्म, 2021 साली नोकरीला लागताना भरलेला. 'सिंगल'वर खूण, आणि खाली 4-सीच्या चौकटीत निळ्या पेनाने गिरवून गिरवून लिहिलेलं '0'.

"हे शून्य कशाला?"

"बाबा म्हणाले, सिंगल-झीरो लिही. जास्त कापतात, मग रिफंड येतो."

बाबांचा सल्ला 2019 पर्यंत सोळा आणे खरा होता. तेव्हा फॉर्मवर 'अलाउन्स' मोजायचे, जितके कमी तितका टॅक्स जास्त कापला जायचा. 2020 च्या नव्या फॉर्ममधून ते अलाउन्स गेलेच. आता 4-सी विचारतं, पगाराच्या दर चेकमधून जादा किती कापू? पोरगं लिहून गेलं होतं, काही नको.

पण नुसत्या त्या शून्याने एवढा खड्डा पडत नाही. विचारलं, "आणखी कुठे काम करतोस का?" जरा घुटमळला. जानेवारी 2023 पासून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी एका दुकानात जात होता, वर्षाचे 20,800. तिथेही फॉर्मवर 'सिंगल', बाकी कोरं.

मग एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. एकट्या माणसाला 2023 साठी 13,850 ची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे तेवढ्या कमाईवर टॅक्स नाही. ती आम्हीही पूर्ण धरली आणि दुकानानेही पूर्ण धरली. एकाच रेशनकार्डावर दोन दुकानांतून साखर उचलावी तसं. त्यात दोन्ही पगार एकत्र केले की वरचे 14,225 डॉलर 22 टक्के टॅक्सच्या टप्प्यात जाऊन बसतात. सुट्या सुट्या पगारात ते कुणाला दिसणार? दुकानाने कापले 695. खरा टॅक्स 8,282. तो पाकिटाकडे बघत राहिला. ओरडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

एक बरं होतं. 2022 चा त्याचा सगळा टॅक्स 2023 मध्ये कापलेल्या रकमेहून कमी होता, म्हणून वर्षभरात कमी भरल्याचा दंड टळला.

टॅक्सचा सल्ला देऊ नये असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणून आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, साइटवरचा किती कापावं ते सांगणारा एस्टिमेटर उघडून कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. 'दोन नोकऱ्या आहेत' असं सांगणारी 2-सीची चौकट दोन्हीकडच्या फॉर्मवर टिक करता आली असती, पण दुकानाचा पगार आमच्या निम्म्याहूनही कमी. गरजेपेक्षा जास्त कापलं गेलं असतं. म्हणून दुकानातला फॉर्म तसाच ठेवून आमच्याकडचं 4-सी भरायचं ठरलं. 2024 मध्ये कमी पडणार होते साधारण 2,980. सात चेक होऊन गेले होते, एकोणीस उरलेले. चेकमागे 157.

"दर पंधरा दिवसांनी 157? भाडं कुठून भरू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, जानेवारीत परत ये, सव्वीस चेकांवर वाटलं की 115 च्या आसपास येईल. पण नवा फॉर्म दिल्याशिवाय 157 आपणहून खाली उतरणार नाही. त्याने फोनमध्ये आठवण लावली, 157 लिहिलं, सही केली.

जाताना दारातून वळला. "तो जुना फाडून टाका ना."

"नाही रे, निदान चार वर्षं तरी जपून ठेवावा लागतो."