सांभाळून घेतलं

काल माझा तबला वाजवून झाल्यावर पेटीचा भाता बंद करता करता काका म्हणाले, "घेतलं मी सांभाळून." हसून म्हणाले, मीही हसलो. रात्री जेवताना मात्र ते वाक्य घशाशी आलं. काय काय सांभाळून घेतलं?

म्हणजे माझी लय चढत होती आणि लेहरा, म्हणजे तबल्यासाठी पेटीवर फिरून फिरून वाजणारी धून, मुकाट माझ्यामागून येत होता. समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी ऐटीत मान हलवत होतो, आणि ती सम काकांनी माझ्यापर्यंत आणून ठेवली होती. गणपतीत सगळे म्हणाले, हात काय तयार झालाय! तेव्हाही पेटीवर काकाच. मग तेव्हाचं कौतुक नक्की कुणाचं? आणि त्याआधीचं?

आज दार लावून फोनवर चंद्रकंसचा लेहरा लावला, लय ४०, म्हणजे मिनिटाला चाळीस मात्रा. एका मात्रेला दीड सेकंद, सोळा मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन २४ सेकंदांचं. द्रुत लयीत टाळ्या घेणाऱ्या माणसाला हा दीड सेकंद संपता संपत नाही. मधेच फोनचा आवाज बंद करायचा, ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, चालू ठेवायचा, एका आवर्तनानं आवाज परत वाढवायचा. मी समेवर, लेहरा अजून पंधराव्या मात्रेत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फोन काही सांभाळून घेत नाही.

बरं, सगळीकडे पळतो असंही नाही. धा धिं धिं धा ठीक जातं. 'तिं तिं ता ता' आलं, दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा (डाव्या हाताचा, घुमणारा) गप्प झाला, की सुटलोच. डग्ग्याची घुमक मात्रा भरून काढते तोवर मी शहाणा. रिकामी जागा आली की ती उरकून टाकायची घाई. (हे फक्त तबल्यापुरतंच आहे का, ते आज नको.)

तबल्याचे सर पहिल्यापासून सांगतायत, आधी टाळी देत ठेका तोंडानं म्हण, आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग मनात चालू ठेव. आज म्हणून पाहिलं. तोंडानं लय पळत नाही! मधे श्वास घ्यावा लागतो, म्हणून असेल. हातांना श्वास घ्यायची गरज नाही, हीच पंचाईत.

पण काका इतके दिवस बोलले का नाहीत? आणि बोलायचंच नव्हतं, तर कालच का बोलले?

तसं पाहिलं तर गंमतच आहे. दुसऱ्याला ठेका धरून द्यायचा हा तबलजीचा धंदा, आणि इथे पेटीवाला तबलजीला कडेवर घेऊन फिरतोय.

सरांना फोन केला. महिनाभर दुगुन (दुप्पट लय) बंद, कायदा बंद, रेल्याचं नावही काढायचं नाही, म्हणजे ठेक्यापलीकडचं सगळंच बंद. नुसता ठेका, तोही विलंबित, अगदी संथ. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, मालिका तरी नीट ऐकू येईल."