पाणी काढलंस, गाळ कुठे काढलास?

शनिवारी रात्री पुण्यात दत्तवाडीतल्या घरात बसून मी अरबी समुद्र १२० मीटर खाली उतरवला. गेब्कोचा समुद्रतळाचा नकाशा कुणालाही फुकट मिळतो. तो उघडायचा आणि हव्या त्या खोलीची रेषा काढायची. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, अफाट पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता. रेषा उमटली ती मुंबईपासून इतकी लांब, की मी दोनदा तपासली. मुंबई हाय आज किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत आहे आणि तिथलं पाणी सुमारे ७५ मीटर खोल. म्हणजे तेलविहिरी आहेत तिथे तेव्हा कोरडी जमीन असणार! रेषा त्याच्याही पुष्कळ पलीकडे होती. मला झोप येईना.

रविवारी सकाळी नकाशाची गुंडाळी घेऊन पाषाणला सरांकडे निघालो. कॉलेजात त्यांनी आम्हाला भूशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी घरी गेलं की तास सुरू होतो. लकडी पुलावर बस रेंगाळली. खाली मुठा, उन्हाळ्यातली, काठाला गाळ उघडा पडलेला. समुद्र इथून पश्चिमेला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, पण मुठेचा गाळ पूर्वेला वळतो आणि भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे जातो. तिची जोडीदार मुळा मात्र मुळशीला अडवलेली. धरणाचं पाणी डोंगराखालून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथून कुंडलिकेत आणि रेवदंड्याच्या खाडीत. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी कुठे वळतं, हे पाहायला मला नेहमीच आवडतं.

विद्यापीठ चौकातून पुढे, वेताळ टेकडी डावीकडे ठेवत, पाषाण आलं.

सरांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "अरे, पाणी काढलंस, पण गाळ कुठे काढलास?"

मी गप्प. ते उठून आतून एक लांबट पेटी घेऊन आले. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतलेला कोअर होता तो. वजन लावलेली नळी तळात घुसवायची, वर ओढायची आणि आतला गाळाचा दंडगोल उभा चिरायचा. एक अर्धा अभ्यासाला, दुसरा जसाच्या तसा जपून ठेवायला. समोर होता तो अभ्यासाचा, ठिकठिकाणी नमुने काढून खड्डे पडलेला.

वर राखी-हिरवट चिखल, लोण्यासारखा मऊ. त्याखाली शिंपल्यांचा चुरा. त्याखाली काळा पट्टा, त्यात कुजलेल्या मुळांचे धागे. आणि सगळ्यात खाली तांबूस, घट्ट माती, भेगा पडून वाळलेली.

"ही खालची माती उन्हात होती," सर म्हणाले. "काळा पट्टा खारफुटीचा. त्यातले परागकण बघायचे, म्हणजे झाडं कोणती ते कळतं. वर फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचवाले सूक्ष्म जीव, बघायचे. निमखाऱ्या पाण्यातले वेगळे, उघड्या समुद्रातले वेगळे. मुळांचं वय कार्बन-१४ सांगेल."

मी बोट काळ्या पट्ट्याजवळ नेलं, पण लावायचं धाडस झालं नाही. एकाच हातभर लांबीत जमीन, खाडी आणि समुद्र एकावर एक बसले होते.

मग चूक समजली. माझी रेषा आजच्या तळावर काढलेली होती. पण नर्मदा, तापी आणि कोकणातल्या नद्यांनी समुद्र चढल्यानंतरच्या हजारो वर्षांत किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात नवा चिखल पसरला आहे. जुन्या नद्यांची पात्रं त्याखाली बुजली. ती पाहायला जहाजावरून तळात ध्वनी सोडतात. चिखलाच्या थरांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीत बुजलेली दरी ओळखू येते. बाहेरच्या पट्ट्यात, खोल पाण्यात, नवा चिखल फारसा पोचत नाही, म्हणून तिथे जुनी वाळू अजून उघडी आहे. तिच्यात ऊलाइटचे गोल दाणे सापडतात. हे दाणे उबदार, उथळ, सतत हलत्या पाण्यातच तयार होतात. आज कित्येक मीटर पाण्याखाली ते असले, तर कधीतरी तिथे उथळ पाणी होतं, एवढं नक्की.

ब्रिटन आणि युरोपच्या मधल्या उत्तर समुद्रात असंच झालं. १९३१ साली कोलिंडा नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचं, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचं, ढेकूळ आलं आणि त्यात काटेरी दात कोरलेलं, शिंगाचं भाल्याचं टोक निघालं. पुढे तेल शोधण्यासाठी गोळा केलेल्या ध्वनिमापनातून संशोधकांनी तिथल्या बुडालेल्या नद्या नकाशावर आणल्या. त्या प्रदेशाला आज डॉगरलँड म्हणतात.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"प्रिन्सेस डॉक," सर म्हणाले.

१८७८ च्या सुमारास मुंबईत ही गोदी खणताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे निघाले, शेकडो, त्यातले बरेच मुळांसकट उभे. पण इथे पाणी चढलं की जमीन खचली? भूशास्त्रज्ञ या जंगलाचं कारण बहुधा जमीन खचण्यात शोधतात. बुडालेलं झाड दोन्हीकडे सारखंच दिसतं. म्हणून एकाच कोअरवर नकाशा काढू नये, असं सरांनी मला तीनदा बजावलं.

दुपारी परत निघालो. दत्तवाडीपाशीच मुठेच्या जुन्या गाळगोट्यांत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अश्मयुगीन हत्यारं सापडली होती. रोज त्या काठाने जातो, पण आज थांबून काठाची उभी कड नीट पाहिली: गोटे, वर वाळू, वर माती, सगळ्यात वर आपलं प्लास्टिक.

घरी येऊन ती ठळक निळी रेषा पुसली. तिच्या जागी रुंद पट्टा काढला, कुठे जाड, कुठे तुटक, आणि जिथे फक्त अंदाज आहे तिथे पेन्सिलने. प्रिन्सेस डॉकवर खैराच्या लाकडासारखा तपकिरी ठिपका दिला. पुढच्या आठवड्यात ओहोटीची वेळ बघून रेवदंड्याला जायचं आहे, सरांनी नळी आणायला सांगितली आहे.