मेमरी अडवून बसलेली तळओळ

एका पतसंस्थेचे वर्षअखेरीचे खातेउतारे छापखान्याला एकाच पीडीएफमध्ये द्यायचे होते. व्यवस्था आधीपासून बसवलेली होती: खात्यांची माहिती एक्सएमएल या खुणाबद्ध मजकुरात निघे, एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेने तिचे एक्सएसएल-एफओ, म्हणजे पानांच्या मांडणीचे वर्णन, होई आणि अपाची एफओपी हा प्रोग्रॅम त्यावरून पाने मांडून पीडीएफ काढी. एका शाखेचे काम चहा येईपर्यंत उरके. सर्व शाखा एकत्र केल्या, की सर्व्हर बराच वेळ झगडून ‘आउट ऑफ मेमरी एरर: जावा हीप स्पेस’ एवढे सांगून थांबे. अर्धवट फाइल उघडतही नसे, कारण पीडीएफमधील कोणता घटक कुठे आहे याची सूची फाइलच्या शेवटी लिहिली जाते.

काम माझ्याकडे आले तेव्हा हीप, म्हणजे जावा प्रोग्रॅमला वापरता येणारा मेमरीचा भाग, २ जीबीवरून ८ जीबी करून झाला होता. त्यामुळे प्रोग्रॅम पडायचा तो पडतच होता, फक्त उशिरा. एखाद्या खात्यातली माहितीच सदोष असावी, ही शंका फाइलचे दोन भाग वेगवेगळे चालवल्यावर फिटली. दोन्ही सुरळीत निघाले. मग गार्बेज कलेक्टरचा, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेचा, लॉग पाहिला. प्रत्येक साफसफाईनंतर उरणारी मेमरी आधीपेक्षा थोडी जास्तच होती. म्हणजे पाने मांडून होत होती, पण सुटत नव्हती.

पहिले कारण लवकर सापडले. सर्व खातेदार एकाच पेज-सिक्वेन्समध्ये, म्हणजे पानांच्या एकाच सलग मालिकेत, कोंबले होते, आणि ती संपेपर्यंत एफओपी बरेच काही धरून ठेवते. प्रत्येक खातेदाराला स्वतंत्र पेज-सिक्वेन्स दिली, तरी मेमरीचा आलेख चढताच राहिला.

खरी अडचण तळओळीत होती. प्रत्येक पानाखाली पानाचा क्रमांक आणि त्यापुढे एकूण पानांची संख्या छापली जात होती, आणि ही संख्या दस्तऐवजाच्या अगदी शेवटी ठेवलेल्या एका रिकाम्या ब्लॉककडे बोट दाखवत होती. तो ब्लॉक कोणत्या पानावर पडतो हे कळेपर्यंत पहिल्या पानाची तळओळसुद्धा अपुरीच. म्हणून मांडून झालेली हजारो पाने त्या एका आकड्यासाठी मेमरीत ताटकळत होती. एफओपीच्या दस्तऐवजात असे पुढचे संदर्भ टाळण्याविषयी स्पष्ट लिहिले आहे, पण ते वाचतो कोण?

संस्थेच्या व्यवस्थापकांना विचारले, “साहेब, ही एकूण पाने कोणाला लागतात?”

ते थोडे थांबून म्हणाले, “खातेदाराला त्याच्या उताऱ्याची कळली की झाले.”

मग प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी खातेक्रमांकाचा आयडी असलेला ब्लॉक ठेवला, तळओळीचा संदर्भ त्याकडे वळवला आणि पानांचे क्रमांक दर खातेदाराला १ पासून सुरू केले. आता आलेख करवतीच्या दात्यांसारखा चढू-उतरू लागला. एक्सएसएलटी संपूर्ण एक्सएमएलची झाडासारखी रचना मेमरीत उभारते, तेवढा खर्च राहिलाच. त्यासाठी हीप ४ जीबीवर ठेवला आणि पीडीएफ पूर्ण निघाली.

ती छापखान्याला पाठवल्यावर तिथून फोन आला, की गठ्ठे शाखेनुसारच बांधायचे असल्याने दर शाखेची फाइल वेगळी मिळाली तर बरे होईल.