टाकीची दुसरी कूस

गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४. गणपतीला दोन दिवस उरले होते आणि काकांची बुलेट तिसऱ्यांदा टेम्पोतून माझ्या गॅरेजच्या दारात उतरली. काका काहीच बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

काका मूळचे आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातले. वाडा पडला तेव्हा कारेलीबागेत फ्लॅट घेऊन गेले. सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत झाली, तीही लॅबमध्ये. बुलेट साडेतीनशेची, जुनी, पॉइंटवाली, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी पॉइंट असलेली. तिचं पहिलं सर्व्हिसिंग माझ्या वडिलांनी केलं होतं. वडील गेले, बाबाजीपुऱ्यातलं गॅरेज माझ्याकडे आलं, तशी ही गाडीही आली. दरवर्षी काका गणपतीची मूर्ती हिच्यावरूनच घरी नेतात. काकू मागे बसतात, मूर्ती मांडीवर.

त्या वर्षी जन्माष्टमीच्या पावसानं विश्वामित्री नदी फुगली. पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि फतेगंज, अकोटा, कारेलीबाग, समा सगळं पाण्याखाली गेलं. अकोट्यात घराच्या छपरावर मगर बसलेली सगळ्या देशानं पाहिली. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. माझ्या आयुष्यात इतक्या गाड्या एकदम दारात आल्या नव्हत्या, आणि प्रत्येकाला गणपतीच्या आधी हवी होती.

काकांची गाडी पार्किंगमध्ये टाकीच्या वरपर्यंत बुडाली होती. सोमवारी हातात घेतली. इंजिनचं ऑइल लस्सीसारखं झालेलं, ते दोनदा बदललं. पॉइंट घासले, कॉइल वाळवली, एअर फिल्टर फेकून दिला. टाकीतलं सगळं कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून, सोडून दिलं, नवं पेट्रोल थोडं घालून खंगाळली, तेही सोडलं. मग कार्बोरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा.

त्यावर मी दोन तास घालवले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. खालची वाटी उघडली तर तळाला नदीचा गाळ, मेंदीच्या लगद्यासारखा, आणि कडेला पांढरी भुकटी, म्हणजे धातूला लागलेला गंज. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी नळी. रेसला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटमधून आरपार उजेड दिसत होता. स्लोचा जेट, रेस न देता इंजिन चालू ठेवणारा, मात्र बंद. त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही बारीक. पुष्कळजण त्यात तार घालतात. घालू नये. पितळ मऊ असतं, भोक वाकडं किंवा मोठं होतं, आणि मग ती गाडी स्लोला कधीच नीट उभी राहत नाही. मी जेट क्लिनरमध्ये भिजत ठेवतो, हवा मारतो, पुन्हा भिजवतो. जेट साफ झाला तरी काम संपत नाही. कार्बोरेटरच्या अंगात जे बारीक रस्ते असतात ते खरे फसवतात. स्लोची हवा कमीजास्त करणारा एअर स्क्रू काढून त्याच्या भोकात क्लिनर मारायचा आणि रेसबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला जे चिमुकलं छिद्र आहे त्यातून धार येते का ते बघायचं. पहिल्यांदा नुसता थेंब आला. चौथ्यांदा धार आली, सरळ, सुईसारखी. एअर स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत बसवून दीड फेरा बाहेर काढला. तिसऱ्या किकला गाडी लागली. मागच्या गल्लीत चक्कर मारली, मग तासभर गॅरेजात मधल्या स्टँडवर चालू ठेवली. एकदाही मिसिंग नाही.

मंगळवारी सकाळी काकांचा फोन. रात्री लावलेली गाडी सकाळी लागली, सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली आणि फटफट करून बंद. पुन्हा टेम्पो. वाटी उघडली तर तळाला पाणी. मला वाटलं, टाकीच्या कोपऱ्यात राहिलं असेल. पुन्हा सगळं कॉकमधून सोडलं, नवं पाच लिटर घातलं, दिवसभर मधल्या स्टँडवर ठेवून पाच-सहा वेळा चालू केली. बुधवारी दुपारी काका घेऊन गेले. गुरुवारी सकाळी परत.

तेव्हा मी बोलून गेलो ते मला लपवायचं नाही. म्हणालो, "काका, पंपाचंच पेट्रोल खराब आहे. पुराचं पाणी त्यांच्या जमिनीतल्या टाकीत गेलंय." त्या आठवड्यात सगळं शहर हेच म्हणत होतं. मी काहीही तपासलेलं नव्हतं.

काकांनी पिशवीतून एक काचेचं मेजरिंग सिलिंडर काढलं, शंभर मिलीच्या वरचं, खुणा घातलेलं. म्हणाले, "कुठल्या पंपाचं? जा, आत्ता घेऊन ये. बाटलीत."

पोराला पाठवलं. आलेलं पेट्रोल काकांनी सिलिंडरमध्ये ओतून उजेडात धरलं. स्वच्छ, एकच थर. "पंपाचं पाणी कुठाय?" मग त्यात बरोबर दहा मिली पाणी घातलं, तोंडावर तळहात दाबून हलवलं आणि बाकावर ठेवलं. मी दुसऱ्या गाडीकडे वळणार, तर म्हणाले, "थांब. बघ."

पाच मिनिटांत खाली थर बसला. दहा मिली पाणी घातलेलं आणि खालचा थर पंचविशीच्या पुढे गेलेला.

"हे जास्तीचं आलं कुठून?" मी विचारलं.

"पेट्रोलमधलं इथेनॉल. त्याला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. पाणी दिसलं की पेट्रोल सोडून तिकडे जातं." मग लॅबमधल्या माणसासारखं शांतपणे सांगत गेले. थोडं पाणी असेल तर इथेनॉलमुळे ते पेट्रोलमध्ये मिसळून जातं, दिसतही नाही. त्यापेक्षा जास्त झालं की दोघं हात धरून तळाला बसतात. त्या थरावर इंजिन चालत नाही. आणि वर जे पेट्रोल राहतं त्याचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न येता जळण्याचा गुणही, खाली येतो.

मग त्यांनी विचारलं ते मला सोमवारीच सुचायला हवं होतं. "तुझ्या गॅरेजात चालते आणि माझ्याकडे बंद पडते. मग फरक काय?"

मी झाकण उघडून बघितलं. फुस्स झालं नाही, म्हणजे हवेचं छिद्र मोकळं. कॉकची जाळी साफ. पेट्रोल एकाच पंपाचं. मग माझी नजर गाडीवर गेली. टेम्पोवाल्यानं ती साइड स्टँडवर लावली होती. मी गॅरेजात नेहमी मधल्या स्टँडवर ठेवतो. काकांच्या गुडघ्यांना ती मधल्या स्टँडवर चढवणं जमत नाही, म्हणून ते रात्री साइड स्टँडवर लावतात.

मी डिसमिस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, बाकावर टाकला आणि टाकी काढायला घेतली.

बुलेटची टाकी चेसिसच्या पाइपावर खोगिरासारखी बसते. मधे खालून बोगदा, आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या दोन कुशी. ह्या टाकीला कॉक एकाच कुशीला. कॉकमधून सोडलं की ती कूस रिकामी होते, पण पलीकडच्या कुशीत बोगद्याच्या उंचीखाली जे असतं ते तिथंच राहतं. टाकी न काढता खंगाळली तरी राहतं. मी टाकी पलीकडच्या बाजूला पूर्ण उलटी केली आणि झाकणातून परातीत ओतली. आधी पेट्रोल, मग गढूळ, दाट पाणी. काकांनी ते सिलिंडरनंच मोजलं. आठशे मिलीच्या वर भरलं.

हे आठशे मिली सगळंच सोमवारी राहिलेलं पुराचं पाणी नव्हतं. मूळ पाणी थोडंच असणार. पण मी दर वेळी त्यावर ताजं पेट्रोल ओतत होतो आणि दर वेळी ते पाणी नव्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून फुगत होतं. फुगता फुगता बोगद्याच्या काठाला आलं. मधल्या स्टँडवर काठाच्या आत राहायचं. रात्री साइड स्टँडवर गाडी कॉकच्या बाजूला कलली की काठावरून पलीकडे सांडायचं, कॉकमधून वाटीत उतरायचं, आणि मेन जेट वाटीच्या तळाशीच असल्यानं इंजिन पहिल्यांदा तेच ओढायचं. म्हणजे दुखणं बरं व्हावं म्हणून जे घालत होतो त्यानंच ते वाढत होतं. तीन दिवस मी कार्बोरेटर उघडत होतो आणि तो बिचारा वरून जे येईल तेच दाखवत होता.

मूठभर गुळगुळीत खडे टाकीत घालून, पेट्रोलनं खळखळवून, दोनदा उलटी केली. दुपारभर उन्हात झाकण उघडं ठेवून वाळवली. वाटी पुन्हा साफ केली. संध्याकाळी गाडी लागली, छान लागली. पण रेस सोडली की सायलेन्सरमध्ये बारीक फटफट यायची, आणि चौकात उभी केल्यावर रेस लगेच खाली बसायची नाही, रेंगाळायची. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीच्या, रबरावर पाणी शिंपडून बघितलं, आवाजात फरक नाही, म्हणजे हवा ओढत नव्हती. मिक्स्चर पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी.

काका म्हणाले, "पातळ होणारच. नुसत्या पेट्रोलला एका भागाला चौदा पूर्णांक सात भाग हवा लागते. इथेनॉलला नऊच. त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन आहे. ही गाडी नुसत्या पेट्रोलवर ट्यून झालेली." वडिलांच्या वेळचं सेटिंग मी इतकी वर्षं देवासारखं जपत होतो. कार्बोरेटरमधली जी सुई मेन जेटचं पेट्रोल कमीजास्त करते, त्या नीडलची क्लिप मधल्या खाचेत, जशी त्यांनी ठेवली होती तशीच. तिला हात लावताना क्षणभर थांबलो, खरंच थांबलो. मग क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर आली आणि अर्ध्या रेसला पेट्रोल जरा जास्त मिळू लागलं. एअर स्क्रू पाव फेरा आत. नवा प्लग लावून आजव्याच्या रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर अर्ध्या रेसवर नेली, तिथंच क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि रस्त्याच्या कडेला प्लग काढून बघितला. चॉकलेटी, बिस्किटाच्या रंगाचा. फटफट गेली होती. परत येताना मांडवीच्या गर्दीत स्लोला उभी राहिली तेव्हा तो डुग-डुग आवाज लहानपणी ऐकला होता तसाच आला.

गाडी त्या रात्री मी दिली नाही. पाच लिटर ताजं पेट्रोल घालून गॅरेजात मुद्दाम साइड स्टँडवर लावली, चाकाखाली फळी सारून जरा जास्तच कललेली. शुक्रवारी सकाळी काका आले तेव्हा त्यांच्यासमोर वाटी उघडली आणि जे होतं ते सिलिंडरमध्ये ओतलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून उजेडात धरलं. एकच थर. खाली एक थेंबही वेगळा नाही.

मी तीन दिवसांची मजुरी घेणार नव्हतो. काकांनी ऐकलं नाही, पैसे बाकावर ठेवून वर सिलिंडरचं वजन ठेवलं. "उद्या सहाला मूर्ती आणायला जातोय," म्हणाले, "काकूला घेऊन. मूर्तिकाराच्या दारात साइड स्टँडवरच लावणार आहे."