अठरा मीटरपर्यंतचा परवाना

मांडवीच्या काठावर लहानाची मोठी झाले, मासळीशिवाय जेवण पूर्ण होत नाही अशा घरात वाढले, आणि तरीही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत समुद्राच्या पाण्याखाली मी कधी डोके घातले नव्हते. गेल्या हिवाळ्यात माझी पुण्याची भाची आणि मी, अशा दोघींनी मिळून स्कूबा डायव्हिंगचा ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण गोव्यात सहलीला येऊन ‘स्कूबा केले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ते शिकलेले थोडे.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत मीही पहिल्यांदा पाण्याखाली गेले होते. बोटीवर पाच-सात मिनिटे माहिती सांगितली गेली, तीही इंजिनाच्या आवाजात. मला खाली नेणारा माणूस पाठीमागून माझे सिलिंडर धरून होता, त्यामुळे माझा चेहरा त्याला दिसतच नव्हता. तीन-चार मीटरवर कानात सुई घुसावी तशी कळ आली. ती कशी सांगायची, त्यासाठी हाताची कोणती खूण करायची, हे मला कोणी शिकवलेले नव्हते. दोन दिवस कानाला दडा बसला होता. सुदैवाने पडद्याला इजा झाली नव्हती, पण पुन्हा पाण्यात उतरायचे तर शिकूनच उतरायचे, हे मी तेव्हाच ठरवले.

अभ्यासक्रमाची सुरुवात एका वैद्यकीय प्रश्नावलीने होते. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाच्या जुन्या तक्रारी असे प्रश्न त्यात असतात. माझे एक उत्तर ‘होय’ असल्याने मला कान-नाक-घसा तज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणावे लागले. ते मिळेपर्यंत प्रशिक्षकांनी मला तरणतलावातसुद्धा उतरू दिले नाही. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथेच.

नंतरचा दीड दिवस पुस्तकी अभ्यासाचा होता, आणि माझ्या कानाच्या कळेचे उत्तर मला त्यात मिळाले. समुद्रसपाटीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रात दर दहा मीटर खोलीला तो आणखी एका वातावरणाने वाढतो. म्हणजे पहिल्या दहा मीटरांतच दाब दुप्पट होतो आणि शरीरातल्या पोकळ्यांमधली हवा आकसून निम्मी होते. पुढच्या दहा मीटरांत तो दुपटीवरून तिपटीवर जातो, म्हणजे फक्त दीडपट होतो. कान दुखतात ते खोल समुद्रात नव्हे, अगदी वरच्या काही मीटरांतच, याचे कारण हेच. यावर उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून हळूच हवा कानांकडे ढकलायची, आणि तीही दुखू लागण्यापूर्वी, जवळजवळ प्रत्येक मीटरला. वर येताना हेच गणित उलटे होते. दहा मीटरवर छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आले, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसांना इजा होते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

तरणतलावात मला सर्वांत कठीण गेले ते मास्कमधले पाणी काढणे. तळाशी गुडघे टेकून बसायचे, मास्कची वरची कड बोटांनी किंचित उचलायची आणि पाणी मुद्दाम आत घ्यायचे. पाणी नाकपुड्यांना लागताच नाकाने श्वास ओढावा असे शरीराला वाटते, आणि तेवढेच करायचे नसते. तोंडातल्या रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून, शांतपणे श्वास घ्यायचा, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, मान थोडी मागे न्यायची आणि नाकाने सावकाश हवा सोडायची. मग ती हवा पाण्याला खालच्या कडेने बाहेर ढकलते. पहिल्या चार वेळा मी घाबरून उभी राहिले. प्रशिक्षक रागावले नाहीत. पाचव्या वेळी ते माझ्यासमोर बसले आणि हाताचा पंजा वर-खाली करत माझ्या श्वासाला लय देत राहिले. डोळ्यांसमोरचे पाणी भुवयांवरून डोळ्यांखाली आणि तिथून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरत गेले आणि त्यांचा चेहरा स्वच्छ दिसू लागला. तो क्षण मला आजही आठवतो.

समुद्रातले चार डाइव्ह, म्हणजे चार बुड्या, आम्ही मुरगाव द्वीपकल्पासमोरच्या ग्रँड बेटाजवळ केले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला तरी डायव्हिंगचा हंगाम खऱ्या अर्थाने ऑक्टोबरनंतरच सुरू होतो. पावसात मांडवी आणि जुवारी यांचा गाळ समुद्रात येतो, पाणी उसळते आणि काही दिसत नाही. हंगामातही इथले पाणी अंदमानसारखे निळेशार नसते, ते हिरवट असते. आम्हाला चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नव्हते. शिकणाऱ्याला मात्र हे पाणी चांगले, असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण इथे जोडीदारापासून दूर जाण्याची सवय लागतच नाही. उतरण्याआधी भाची माझे जॅकेट, वजनांचा पट्टा, बकल, हवा हे सारे तपासायची आणि मी तिचे. घरात मी तिला ‘हे घेतलंस का, ते घेतलंस का’ असे विचारत आले; इथे पाण्याखाली ती मला खुणेने विचारत होती, “मावशी, हवा किती आहे?” आणि मला हाताने खूण करून सांगावे लागत होते.

आणीबाणीत वर येण्याचा एक सराव असतो. रेग्युलेटर तोंडातच ठेवून, हवा संपली आहे असे समजून, एका श्वासात वर पोहत यायचे आणि वाटभर ‘आ’ असा आवाज काढत हवा सोडत राहायची. गाण्याच्या शिकवणीत आकार लावावा तसा मी तो लावला, आणि छाती मोकळी होत गेली तरी हवा संपेना, कारण वर येताना ती वाढतच होती. पुस्तकातले वाक्य तिथे मला अंगाने कळले.

तिसऱ्या डाइव्हला शरीराचा तोल साधला. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, हात न हलवता. भाचीच्या पायांतल्या फिन्सवरचा (पोहण्याच्या पंखांवरचा) लाल पट्टा दहा मीटरवर तपकिरी दिसत होता, कारण लाल रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो. एका खडकाच्या कपारीत गोबरा मासा स्थिर उभा होता. बाजारात ज्याचे कल्ले उघडून ताजेपणा पाहिला, तेच कल्ले इथे संथपणे उघडत-मिटत होते. मी श्वास सोडला की माझ्या बुडबुड्यांनी तो थोडा मागे सरे आणि पुन्हा पुढे येई.

चौथ्या डाइव्हच्या अखेरीस पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून आम्ही वर आलो. अभ्यासक्रमानंतर मिळणाऱ्या परवान्यावर जोडीदारासह अठरा मीटरपर्यंत जाता येते. एकापेक्षा अधिक डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानाने जायचे नसते, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून भाचीचे त्या संध्याकाळचे तिकीट आधीच दुसऱ्या दिवशी रात्रीचे केले होते. ती संध्याकाळ आम्ही ओसरीवर बसून लॉगबुक, म्हणजे डाइव्हच्या नोंदींची वही, भरण्यात घालवली. खोली, वेळ, उरलेली हवा: तिची ऐंशी बार (सिलिंडरमधल्या दाबाचे माप), माझी साठ. जोडीदाराच्या सहीच्या रकान्यात तिने माझ्या वहीत सही केली आणि मी तिच्या.